लांबचे आधी

"जरा बसता का?" असं ती म्हणाली, आणि पलीकडचा श्वास थांबल्यासारखा झाला. मग पलीकडच्या बाईंनी अगदी हळू, जणू मोठ्यानं विचारलं तर खरं होईल अशा आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

आपण काय बोलून बसलो ते तिला लगेच कळलंच नाही. फोन कानाला होता. समोर टेबलावर सुट्टीच्या दिवसाचा दुसरा चहा होता, त्यावर साय धरत होती. टेबलाच्या पलीकडे मुलगी खुर्चीत पाय घेऊन नखं कापत होती. नखं कापायचा आवाज बंद झाला एवढंच तिच्या ध्यानात आलं. "कोणी नाही गेलं," ती फोनमध्ये म्हणाली, त्याच आवाजात. "लग्न आहे. माझ्या मुलीचं. तेवढ्यासाठी फोन केला." पलीकडच्या बाई आधी रडल्या, मग हसल्या आणि मग चांगल्याच तापल्या. "अहो, लग्नाचं असं सांगतात का? मी गोळ्यांवर असते! जीव गेला असता माझा!" मग जरा सावरून त्यांनी तारीख विचारली, हॉल कुठला ते विचारलं, आणि म्हणाल्या, "येणार म्हणजे येणारच. तुमच्या मालकांनी ही पोर दुपट्यात होती तेव्हापासून बोलावून ठेवलंय मला. दर वेळी शेगडी उघडून बसले की म्हणायचे, बाई, लग्नाला यायचं हं. ते असते तर..." इथे त्यांचा आवाज पुन्हा भरून आला. ती ऐकत राहिली. समोरच्याचा आवाज भरून आला की मध्ये बोलायचं नाही, हे तिला पाठ होतं.

फोन ठेवल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तू काय म्हणालीस त्यांना?"

"लग्नाला या म्हणाले."

"त्याच्या आधी."

"बसता का म्हणाले. वयस्कर आहेत गं, उभ्या असतील."

मुलीनं नेलकटर टेबलावर ठेवला. नखांचे तुकडे तळहातावर गोळा केले, कचऱ्याच्या डब्यात टाकले, हात धुतले, पुसले. हे सगळं तिनं फार सावकाश केलं. मग पाठमोरीच म्हणाली, "तू फोन करू नकोस. बाकीचे मी करते."

आमंत्रणं छापायची नाहीत हे दोघींनी मिळून ठरवलं होतं. पत्रिका, पाकिटं, टपाल, त्यातला खर्च वाचला तर हॉलच्या खुर्च्या निघत होत्या. फोनवर सांगायचं, संपलं. माणसं मात्र कमी करता येत नव्हती, कारण माणसं तिनं बोलावलेलीच नव्हती. ती तिच्या नवऱ्यानं बोलावलेली होती. तो शेगड्या दुरुस्त करायचा. पाठीवर कापडी पिशवी, तिच्यात पाने, तारा, जुन्या दातघासणीचे ब्रश, आणि तोंडात सदा कुणाची तरी गंमत. लोकांच्या बैठकीत पाहुणे जातात, हा थेट स्वयंपाकघरात जायचा. ओट्याखाली डोकं घालून बसला की त्या घरातलं सगळं त्याला कळायचं, कोण रुसलंय, कोणाला नोकरी लागली, कोणाच्या डब्यात तळाशी साखर उरली आहे. आणि निघताना, मजुरी खिशात टाकताना, तो न चुकता म्हणायचा की माझ्या मुलीच्या लग्नाला यायचं. मुलगी रांगत होती तेव्हाही म्हणायचा, मुलगी शाळेत नापास झाली तेव्हाही म्हणाला. "अहो, तुम्ही अख्खं गाव बोलावून ठेवताय," ती म्हणायची. तो म्हणायचा, "बोलवायला काय पडतंय? येतील तेव्हा बघू." आणि आता तो बघायला नव्हता, आणि ते सगळे येणार होते. त्याच्या जुन्या मोबाईलमध्ये ते सगळे होते, आपापल्या नावांनी नव्हे, तर त्यानं ठेवलेल्या नावांनी: कुत्रेवाल्या बाई, तिसरा मजला खोकला, निळं दार, वीस भांडी, मास्तर रागीट, मास्तर गरीब. ती एकेकाला फोन लावणार होती आणि आपण कोणाशी बोलतोय हे तिला माहीत नसणार होतं. त्यांना मात्र ती माहीत होती. शेगडीवाल्यांची बायको, इस्पितळात असते ती.

जेवणवाल्या बाई आधीच स्पष्ट बोलल्या होत्या. जाडजूड, डोक्याला रुमाल बांधलेल्या, स्वतःच्या कढयांसारख्या बसकट. "माणसं सांगा, मी जेवण सांगते. दीडशे असतील तर पोटभर. दोनशे असतील तर बेतानं. तीनशे म्हणालात तर मी येते, पण मग माझं नाव कुणाला सांगू नका." होणारा जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "उभ्यानं जेवतील. लिफ्टमध्ये उभेच असतात की सगळे, आणि कमी जागेत गोडीनं असतात." मुलगी हसली होती. तीही हसली होती, म्हणजे हसायच्या ठिकाणी तिचे ओठ हलले होते. हे असं अलीकडे फार व्हायचं. एखादी गोष्ट हसण्याची आहे हे तिला कळायचं, ती गोष्ट कुठल्या कप्प्यातली आहे हेही कळायचं, पण कप्पा उघडायचा नाही. जिभेला भूल दिल्यावर पाणी गार आहे की ऊन हे जसं ओठांवरून ओळखावं लागतं, तसं ती दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखायची.

इस्पितळात तिची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला, औषधांच्या खोक्यांच्या वाटेवर. तिथे दोन टेबलं, दोन फोन, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर शवागाराच्या गाडीसाठी मोकळी ठेवलेली जागा. या खोलीतून नातेवाइकांना कळवायचं. वाईटच असं नाही. शुद्धीवर आले, दुसऱ्या वॉर्डात हलवलं, उद्या घरी सोडतील, हेही इथूनच जायचं. पण चांगलं कळवायला माणूस लागत नाही, ते वॉर्डातून कुणीही धावत सांगतं, त्यामुळे तिच्या वाट्याला बहुतेक दुसरंच यायचं. नवीन लागली तेव्हा एका हडकुळ्या साहेबांनी त्या दोघी-तिघींना शिकवलं होतं. आधी इस्पितळाचं नाव सांगा. मग समोरचा कोण लागतो ते विचारा. मग बसायला सांगा. तो शब्द फोनवर उच्चारू नका, नुसतं 'या' म्हणा, माणूस समजतो. आवाज चढवू नका, पाडूही नका. तुमचा आवाज हलला की समोरचा कोसळला. आणि लांबचे आधी. जो लांब राहतो त्याला पोचायला वेळ लागतो, त्याला आधी कळवा, जवळच्यांना मागाहून. साहेबांचा स्वतःचा आवाज इतका सपाट होता की ते चहा मागवत आहेत की राजीनामा देत आहेत ते कळत नसे. त्या दिवशी सगळ्याजणी बाहेर येऊन खूप हसल्या होत्या. नंतर त्यांच्यातल्या दोघी सोडून गेल्या. ती राहिली. तिचा आवाज मुळातच हळू. लहानपणी आई म्हणायची, या पोरीला आगीची बातमी द्यायला पाठवू नका, घर जळून जाईल तरी हिचं वाक्य पुरं व्हायचं नाही.

पहाटे उठून ती देवापुढे बसायची आणि घराबाहेर पडेपर्यंत बोलायची नाही. हा तिचा नेम लग्नाआधीपासूनचा. दुसरा नेम असा की देवाकडे काही मागायचं नाही. नुसतं बसायचं. नवरा म्हणायचा, "तू बोलत नाहीस, तो बोलत नाही, तुमचं चांगलं जमतं." हे त्याचं बोलणं तिला आवडायचं. आवडायचं हे आठवत होतं. आता ती बसायची तेव्हा समोर दिव्याची ज्योत असायची, मागे मुलीच्या खोलीतला पंखा असायचा, आणि मधे ती असायची, गोदामातल्या एखाद्या पोत्यासारखी, ठेवली तशी. तक्रार नव्हती. देवाला तिनं कधी बोल लावला नाही. फक्त पूर्वी त्या न बोलण्यात कोणीतरी ऐकत आहे असं वाटायचं, आणि आता ते न बोलणं नुसतंच न बोलणं झालं होतं.

फोन मुलगी करणार, असं ठरल्यानंतर दोन दिवस कोणीच फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी चष्म्याच्या दुकानातून आली, पर्स टेबलावर टाकली आणि चपलाही न काढता म्हणाली, "आई, तुला आनंद झालाय का?"

"कशाचा?"

"बघ. कशाचा म्हणून विचारतेस. माझ्या लग्नाचा."

"झाला की."

"कुठे? कुठे झालाय? दाखव मला."

मुलगी दिवसभर लोकांना काचा बदलून बदलून विचारायची, हे स्पष्ट दिसतं की ते, आता की मघाशी. उत्तर येईपर्यंत थांबायची तिला सवय होती. तशीच ती आता थांबली. तिनं मुलीकडे बघितलं. मुलीच्या नाकावर, डोळ्यांच्या कडेला, नवऱ्याचा चेहरा होता, ती थकली की तिथे तो दिसायचा. काहीतरी म्हणायला हवं होतं. तिनं आत शोधलं, खरंच शोधलं, अंधारात बटण चाचपडावं तसं, भिंत लागली, पुन्हा भिंत लागली. "जेवण वाढू का?" ती म्हणाली.

"तू मला तसंच सांगितलं होतंस," मुलगी म्हणाली. ओरडून नव्हे. ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाबांचं. इस्पितळाचं नाव घेतलंस आधी. मग म्हणालीस, आपण कोण बोलताय. आई, मी बोलत होते. मी. मग म्हणालीस, जरा बसता का. बसता का! मी बसले. मला वाटलं इस्पितळातली कोणी बाई आहे. तू म्हणालीस, या. मी फोन ठेवला, आणि जिना उतरताना मला कळलं की ती तू होतीस."

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. फक्त मुलीनं ते कधी असं तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी वरून चिठ्ठी आली, नेहमीसारखी, रस्त्यात कोसळले, आणलं तेव्हाच संपलेलं होतं, नाव नाही, खिशातल्या मोबाईलवरून घरचा नंबर मिळाला, कळवा. तिनं नंबर बघितला. नंबर ओळखीचा वाटला, जसा एखादा चेहरा वाटतो. हात आपोआप बटणांवर गेला. तीन घंटा वाजल्या. त्या तीन घंटांत नंबर कोणाचा ते तिला कळलं होतं, आणि कळल्यावर तिनं फोन ठेवला नाही. का ठेवला नाही, हे ती स्वतःला विचारायची नाही. ठेवला असता तर मग तिला दुसऱ्या कुठल्या तरी आवाजात सांगावं लागलं असतं, आणि तो आवाज तिच्याकडे नव्हता. शेजारच्या टेबलावरची बाई तेव्हा कोणाला तरी भेटायची वेळ समजावून सांगत होती. तिनं बोलणं पुरं केलं, फोन ठेवला, वहीत 'कळवले' असं लिहिलं आणि मग वर गेली. तेव्हापासून ते सगळं जागच्या जागी होतं. काहीच हललं नव्हतं. रडणं आलं नव्हतं. लोक म्हणाले, किती धीराची.

"वाढू नकोस," मुलगी म्हणाली. "मला एवढंच कळव की माझ्या लग्नात कोण असणार आहे. बाबांची तीनशे माणसं असतील, ते समजलं. तू असणार आहेस का?"

शेजारच्या टेबलावरच्या बाईला तिनं दुसऱ्या दिवशी यातलं थोडंसं सांगितलं, मधलं सगळं वगळून. ती बाई विणकाम करायची, फोन खांद्यात धरून वीण मोजायची. म्हणाली, "अगं, त्यात काय! आरशात बघून हसायचं आणि बोलायचं. हसू आवाजात उतरतं. माझ्या भाचीला साबणाच्या कंपनीत असंच शिकवलं." जेवणाच्या सुट्टीत ती प्रसाधनगृहात गेली. आरशाचा पारा वरच्या कोपऱ्यात उडालेला होता. तिनं ओठ ताणले आणि म्हणाली, "माझ्या मुलीचं लग्न ठरलंय." आरशातल्या बाईला ओठांचं काय करायचं ते कळत नव्हतं. तिनं पुन्हा म्हटलं. एक नर्स आत आली, थबकली, "अभिनंदन हं," म्हणाली आणि नळ सोडून हात धुवायला लागली. "आभारी आहे," ती म्हणाली. सपाट. नर्सनं हात न पुसताच काढता पाय घेतला. त्याच दिवशी पहाटे, देवापुढे बसली असताना, तिला पहिल्यांदाच वाटून गेलं होतं की काहीतरी मागावं. मागायचं नाही हा नेम होता, मोडला नाही. पण काय मागितलं असतं ते मात्र ओठांपर्यंत येऊन गेलं होतं.

संध्याकाळी ती घरी आली तर मुलगी फोनला बसलेली. वडलांचा मोबाईल हातात, पाय खुर्चीत, समोर पाण्याचा तांब्या. "लांबचे आधी धरलेत," मुलगी फोनवर हात ठेवून म्हणाली, "तू सांगतेस तसे." आणि फोनमध्ये एकदम उजळून, "हो हो, तीच मी! दुपट्यातली!" ती स्वयंपाकघरात गेली. भाजी चिरायला घेतली. भिंतीपलीकडून मुलीचा आवाज येत होता, उड्या मारत, हसत, मधेच लाजत. निळं दार येणार होतं, सहकुटुंब. वीस भांडी येणार होती, आणि त्यांची बहीणही, चालेल ना? तिसरा मजला खोकला खोकत खोकत येणार होता. कोणी म्हणजे कोणी नाही म्हणत नव्हतं. इतक्या वर्षांत कोणी घर बदललं असेल, कोणी विसरलं असेल, कोणी मेलंही असेल, असा दोघींचा मनातल्या मनात हिशेब होता, कोणी बोलून दाखवला नव्हता एवढंच. पण शेगडीवाल्याला कोणी विसरलेलं नव्हतं. प्रत्येकाला त्याचं काहीतरी सांगायचं होतं, आणि मुलगी ते ऐकून घेत होती. त्यांनी आमची शेगडी फुकट करून दिली हो. ते गेले कसे, सांग ना. कुठे पडले? जवळ कोणी होतं का? तुला कधी कळलं?

"दुपारी," मुलगी म्हणत होती. "हो. रस्त्यातच. नाही, त्रास नाही झाला. हो, या नक्की."

चिरता चिरता तिच्या लक्षात आलं की मघापासून हसण्याचा आवाज आलेला नाही. ती सुरी धरून ऐकत राहिली. "दुपारी. रस्त्यात. नाही, त्रास नाही. या." पुढचा फोन. "हो. दुपारी. या." आवाजात आता चढ नव्हता, उतार नव्हता. तारीख, हॉल, वेळ. दुपारी. या. भिंतीपलीकडे कोण बोलतंय ते तिला ओळखू येईना, आणि मग ओळखू आलं. तो तिचाच आवाज होता. इतकी वर्षं तो तिनं आतून ऐकला होता, बाहेरून तो असा ऐकू येतो हे तिला माहीत नव्हतं. असा तो मुलीबरोबर जिना उतरला असेल. असा तो त्या पोरीच्या कानात गेला असेल, एकटीच्या, रिकाम्या घरात.

सुरी कधी खाली ठेवली ते तिला कळलं नाही. ती बाहेरच्या खोलीत गेली आणि तिनं मुलीच्या हातातला फोन काढून घेतला. ओढलाच. पलीकडे कोणीतरी बोलत होतं, पुरुष, म्हातारा, "म्हणजे घरी कोणीच नव्हतं का गं त्या वेळी?" असं विचारत होता. तिनं फोन बंद केला.

"अगं! मास्तर होते!" मुलगी म्हणाली.

"कुठले? गरीब की रागीट?"

"गरीब होते. आता दोघेही रागीट." मुलीला हसायला येत होतं की रडायला ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. "त्यांना हॉल सांगायचा राहिला. येतील कुठे ते?"

"नकोत यायला."

"आई, बाबांनी बोलावलंय त्यांना."

"त्यांनी बोलावलं असेल. मी नाही बोलावत." हे वाक्य तिच्या तोंडून जरा मोठ्यानं गेलं. भिंतीवर आपटून परत आल्यासारखं तिला ऐकू आलं. शेवटचा शब्द फाटला होता. "पुरे झालं. जेवढ्यांना सांगून झालं तेवढे आले तर येतील. बाकीच्यांना नाही सांगायचं. तुझं लग्न आहे, ते गेले कसे हे सांगायचा कार्यक्रम नाही."

मुलीनं खुर्चीतले पाय खाली सोडले. मग हळू म्हणाली, "पण आपण लांबचेच केले. जवळचे सगळे राहिलेत. काका, समोरच्या मावशी. जेवणवाल्या बाईंना काय सांगायचं, वऱ्हाड सगळं अनोळखी आहे म्हणून?"

"जवळच्यांना कळवावं लागत नाही."

"मला कळवावं लागलं होतं."

बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. ती उभी होती, एका हातात नवऱ्याचा मोबाईल, दुसऱ्या हाताला भाजीचा वास.  क्षमा माग, असं आत कोणी म्हणालं नाही.  मुलीनं फोन धरून धरून मान एका बाजूला वाकडी केली होती, केस मागे सारले होते, आणि तिचा उजवा कान लालभडक झाला होता, थंडीत शाळेतून आल्यावर व्हायचा तसा. तिनं मोबाईल टेबलावर ठेवला. भाजीचा हात पदराला पुसला, आणि तो त्या कानावर ठेवला.  मुलीनं डोकं त्या हातात थोडंसं टेकवलं. कान तापलेला होता. हाताला तो चटकन लागला, ऊन, चांगलाच ऊन, आणि ती हात न काढता तशीच उभी राहिली.